चार्टर विमान मुक्कामी कुठं असतं?

दिवाळीच्या सुट्टीसाठी घरच्या मंडळींनी मिळून छोटं विमानच भाड्यानं (म्हणजे चार्टर) ठरवावं की नेहमीची तिकिटं काढावीत, यावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर अडलेली दिसली : भाव ताशी सांगितला, आणि बिल भलतंच आलं. म्हणून त्या प्रश्नाला इथं सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

आम्ही सातजण पुण्याहून उदयपूरला तीन रात्रींसाठी जाणार आहोत. एजंटनं सांगितलं, आठ आसनी किंग एअर, ताशी दीड लाख. जायला एक तास चाळीस मिनिटं, यायला तेवढीच. म्हणजे पाच लाख. लेखी कोटेशन आलं ते १४ लाख १६ हजारांचं. आम्हाला फसवलं जातंय का?
— एक वाचक, कोथरूड

बहुधा नाही. फसवणूक असेल तर ती तोंडी भाव अर्धवट सांगण्यात आहे, कोटेशनात नाही.

बाहेरगावी जायला टुरिस्ट गाडी ठरवताना आपण काय विचारतो? गाडी कुठून येणार, परतीचं भाडं कोण देणार, दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, ड्रायव्हरचा नाइट हॉल्ट किती. विमानाचं गणित अगदी तसंच असतं. फरक इतकाच की इथं किमान किलोमीटर नसतात, किमान तास असतात.

भारतातली भाड्यानं मिळणारी बहुतेक छोटी विमानं मुंबई आणि दिल्लीत मुक्कामी असतात. तुमचं विमान मुंबईचं आहे असं धरा. ते आधी रिकामं पुण्याला येणार : ३५ मिनिटं. मग तुम्हाला घेऊन उदयपूर : १ तास ४० मिनिटं. तिथून रिकामं मुंबईला परत : दीड तास. एकूण ३ तास ४५ मिनिटं. चौथ्या दिवशी हेच उलटं. म्हणजे साडेसात तास. त्यातले तुम्ही आत बसलेले तास फक्त ३ तास २० मिनिटं. उरलेल्या रिकाम्या फेऱ्या. या धंद्यात त्यांना ‘फेरी’ किंवा ‘पोझिशनिंग’ म्हणतात आणि त्यांचा दर भरलेल्या विमानाइतकाच लागतो, कारण इंजिनाला आत कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

साडेसात तास गुणिले दीड लाख, ११ लाख २५ हजार. लँडिंग, पार्किंग, ग्राउंड हँडलिंग यांचे ७५ हजार धरले की १२ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, २ लाख १६ हजार. तुमचं कोटेशन जुळलं.

आता पुढचा विचार सगळ्यांच्या मनात येतो : विमान उदयपूरलाच थांबवून ठेवलं तर रिकाम्या फेऱ्या वाचतील की! वाचतात, पण बहुतेक ऑपरेटर दिवसाला किमान दोन तासांचं भाडं लावतात, विमान जागेवरून हललं नाही तरी. तुमच्या बाबतीत पहिल्या दिवशी सव्वादोन तास, शेवटच्या दिवशी सव्वादोन तास आणि मधल्या दोन दिवसांचे दोन-दोन, असे साडेआठ तास झाले. वर दोन वैमानिकांचं हॉटेल. म्हणजे परत पाठवणंच स्वस्त. हेच तुम्ही एकच रात्र राहिलात तर थांबवून ठेवण्याचे तास होतात साडेचार, दोन रात्री राहिलात तर साडेसहा. दोन्ही वेळा साडेसातपेक्षा कमी. या मार्गावर दोन रात्रींपर्यंत विमान थांबवावं, तिसऱ्या रात्रीपासून परत पाठवावं. प्रत्येक मार्गाचा हा आकडा वेगळा येतो. कागदावर दोन रकाने आखून पाच मिनिटांत काढता येतो आणि एजंट तो स्वतःहून क्वचितच काढून देतो.

दुसरी काटछाट सुचते ती अशी : आपणच गाडीनं मुंबईला जाऊन तिथून विमानात बसायचं. मग चारही फेऱ्या दीड-दीड तासाच्या, एकूण सहा तास. सव्वादोन लाख आणि त्यावरचा कर वाचतो. पण एक्स्प्रेस-वेवर चार तास घालवून मुंबई गाठायचीच असेल तर मुंबई–उदयपूर तिकिटाचं थेट विमान काय वाईट आहे?

शेवटी ताळा असा करा. चार्टरनं घर ते हॉटेल पावणेचार-चार तास. गाडीनं मुंबई, तिथं दोन तास आधी पोचणं, दीड तासाचं उड्डाण, उदयपूरच्या डबोक विमानतळावरून शहर, असे साडेआठ तास. दोन्ही वेळचे मिळून नऊ-साडेनऊ तास वाचले. सात तिकिटं आणि टॅक्सी यांचे एक लाख साठ हजार धरले, तर जादा खर्च साडेबारा लाखांच्या वर. माणशी पावणेदोन लाखांहून थोडा अधिक. म्हणजे वाचलेला प्रत्येक तास माणशी सुमारे १९ हजारांना पडला. तो महाग की स्वस्त, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवताना हा आकडा समोर असू द्या. आमच्या मते निव्वळ उदयपूरसाठी हा व्यवहार पटण्यासारखा नाही. एका दिवसात दोन-तीन ठिकाणं गाठून रात्री घरी यायचं असेल, जसं पहाटे निघून तिरुपती करून परत, तर चित्र बदलतं, कारण मधली रिकामी फेरीच उरत नाही. फक्त तिथं वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांकडे लक्ष ठेवा. रेणीगुंठ्याहून (तिरुपतीचा विमानतळ तिथं आहे) डोंगरावर जायला-यायलाच वेळ जातो, दर्शनाची रांग लांबली आणि ड्युटीची मर्यादा उलटली, तर विमान त्या रात्री निघत नाही. कितीही विनवण्या केल्या तरी नाही. परतीची शेवटची वेळ ऑपरेटरकडून आधीच लिहून घ्या.

कोल्हापूरहून थेट अगत्तीला (लक्षद्वीप) आठजण, त्यात दोन मुलं, दहा बॅगा. विमान आठ आसनीच आहे, तरी ऑपरेटर म्हणतो सामान कमी करा. पैसे मोजून पुन्हा हे कशाला?
— एक वाचक, ताराबाई पार्क, कोल्हापूर

आठ आसनी म्हणजे आठ खुर्च्या. आठ माणसं, त्यांच्या बॅगा आणि भरलेली टाकी हे तिन्ही एकदम उचलता येईल असं त्याचा अर्थ होत नाही.

किंग एअर बी-२०० चं कमाल उड्डाण-वजन ५,६७० किलो. रिकामं विमान आणि दोन वैमानिक मिळून साधारण ३,९५० ते ४,००० किलो. उरले १,७०० किलो. त्यात माणसं, सामान, इंधन सगळं. माणशी सरासरी ७५ किलो आणि १५ किलो सामान धरलं तर आठजणांचे ७२० किलो. इंधनाला राहिले ९८० किलो. तासाला २८० किलो जळतं असं धरलं तर साडेतीन तासांचं. कोल्हापूर–अगत्ती सुमारे ६९० किलोमीटर, म्हणजे दीड तासाच्या थोडं वर. मग अडचण कुठं?

अडचण समुद्रात आहे. अगत्तीची धावपट्टी साधारण १,२०० मीटरची. वारा किंवा पाऊस आडवा आला तर उतरण्यासाठी पर्यायी विमानतळ म्हणजे कोळीकोड किंवा कोची, आणि दोन्ही ४०० किलोमीटरच्या पलीकडे. तिथवर जाण्याचं तासाभराचं इंधन आणि त्यावर राखीव साठा, हे सगळं निघतानाच टाकीत असावं लागतं. साडेतीन तासांतले सव्वातीन तास तिथंच संपले. आता दहा बॅगा प्रत्येकी २३ किलोच्या केल्यात, तर ११० किलो वाढले. म्हणजे चोवीस-पंचवीस मिनिटांचं इंधन उतरवावं लागेल. ऑपरेटर कुरकुर करतो ती त्या पंचवीस मिनिटांसाठी. उलट असा प्रश्न न विचारता ‘घ्या हो साहेब, बसतंय सगळं’ म्हणणारा ऑपरेटर भेटला तर तुम्ही काळजी करावी.

काय करायचं : प्रत्येकाचं खरं वजन कळवा. लाजून पाच-पाच किलो कमी सांगितले तर आठजणांचे चाळीस किलो होतात. कडक कवचाच्या ट्रॉली बॅगा घरी ठेवा, कापडी डफल घ्या. मागचा सामानाचा कप्पा गोलाकार असतो, त्यात ताठ बॅगा मावत नाहीत. दाराची उंची सव्वाचार फूट आणि रुंदी सव्वादोन फूट, तेव्हा सर्फबोर्ड, मोठा कूलर असलं काही न्यायचं असेल तर मापं आधी पाठवा. अगत्तीत परतीचं इंधन मिळणार आहे का, हेही विचारा. बरोबर न्यायचं म्हटलं तर काही माणसं गाळावी लागतील. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना चार्टरलाही लागतोच, आणि तो हातात येईपर्यंत विमानाचे पैसे भरू नका.

आतल्या सोयीबद्दल एक सांगून ठेवतो. किंग एअरमध्ये उभं राहता येत नाही, छत पावणेपाच फुटांच्या आसपास. स्वच्छतागृह म्हणजे मागच्या आडोशाला एक झाकणाची बैठक; काही विमानांत तीच आठवी खुर्ची म्हणून मोजलेली असते! ‘टॉयलेट सीट धरून आठ की सोडून आठ’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. हॉकर ८०० सारख्या जेटमध्ये छत पावणेसहा फूट आणि बंद दाराचं स्वच्छतागृह असतं. पण ते जेट अगत्तीसारख्या आखूड धावपट्टीवर न्यायचं नसतं.

यजमानांच्या ओळखीतल्या एका उद्योजकांचं स्वतःचं विमान आहे. ते म्हणतात, ‘गोव्याला जायचंय ना, डिझेलचा खर्च द्या, घेऊन जा.’ नागपूरहून आम्ही सहाजण. चार्टरच्या अर्ध्या पैशात होतंय.
— एक वाचक, नागपूर

डिझेल नाही, एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन. पण मुद्दा तो नव्हे. हे करू नका.

विमानाची नोंदणी खासगी गटात असेल तर मालक त्यात पाहुण्यांना फुकट नेऊ शकतो. पैसे घेतले, मग ते ‘इंधनाचे’ म्हणा की ‘पायलटला बक्षिसी’ म्हणा, की ते भाड्याचं उड्डाण झालं; आणि भाड्यानं प्रवासी न्यायला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. या परमिटसाठी देखभालीची यंत्रणा, वैमानिकांचं ठरावीक काळानं प्रशिक्षण आणि तपासणी, ड्युटीच्या तासांची नोंद, हे सगळं उभं करावं लागतं. अर्ध्या पैशात जे वाचतं ते तिथलंच असतं. शिवाय विमा खासगी वापरासाठी काढलेला असतो. अपघात झाला आणि पैशांचा व्यवहार उघड झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. तुमचा स्वतःचा वैयक्तिक अपघात विमाही वाचून पाहा. बऱ्याच पॉलिसींत परवानाधारक विमानातला प्रवासीच धरलेला असतो.

अधिकृत चार्टर घेतानाही चार गोष्टी मागा. परमिटचा क्रमांक, मग डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहा. व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारी विमानाची नोंदणी, आणि तेच विमान त्या परमिटवर चढवलेलं आहे याचा कागद. प्रवाशांच्या दायित्वासह चालू विम्याचं प्रमाणपत्र. आणि दोन वैमानिक असतील याची लेखी हमी. किंग एअर एका वैमानिकानंही उडवता येईल अशी त्याची रचना आहे, पण घरच्या मंडळींना घेऊन जाताना उजवी खुर्ची रिकामी नको. एजंटमार्फत ठरवत असाल तर करारावर एजंटबरोबर ऑपरेटरचंही नाव हवं. निघायच्या दिवशी शेपटीवरची अक्षरं कागदाशी ताडा. वेगळं विमान उभं असेल तर ‘सर, सेमच आहे’ या उत्तरावर न बसता त्या विमानाचे कागद मागा. बदली विमान येणं गैर नाही, बिनकागदाचं येणं गैर आहे.

व्हॉट्सॲपवर जाहिरात येते : ‘एम्प्टी लेग, गोवा–मुंबई, रविवारी, निम्म्या भावात.’ खरं असतं का?
— एक वाचक, ठाणे

खरं असतं. वर पुण्याच्या वाचकांच्या गणितात ज्या रिकाम्या फेऱ्या दिसल्या, त्याच या. पहिल्या गिऱ्हाइकानं त्यांचे पैसे भरलेले असतात, तेव्हा ऑपरेटरला जे सुटेल ते वरकड.

म्हणूनच तिचा मालक तुम्ही नसता. पहिल्या गिऱ्हाइकानं ‘रविवारऐवजी सोमवारी जाऊ’ म्हटलं की तुमची फेरी सोमवारी गेली, किंवा गेलीच. अशा वेळी पैसे परत मिळतात, दुसरं विमान नाही. त्यामुळे एम्प्टी लेगनं परत यावं, जाऊ नये. परतताना फेरी रद्द झाली तर तिकीट काढून किंवा रात्रीच्या गाडीनं घरी पोचाल. जातानाच रद्द झाली तर हॉटेलचं आरक्षण बुडालं. आणि लग्नाच्या मुहूर्ताला, क्रूझच्या वेळेला किंवा परदेशी जोडविमानाला ती कधीही बांधू नका. मोपा की दाबोळी हेही नीट वाचा. एक उत्तर टोकाला, दुसरं दक्षिणेकडे, आणि मडगावला मुक्कामी असलेल्या माणसाला मोपा गाठणं म्हणजे रविवारच्या रहदारीत अर्धा दिवस.

आई ८२ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, व्हीलचेअर लागते. विमानतळावरची दगदग वाचावी म्हणून चार्टर बघतोय.
— एक वाचक, नाशिक

दगदग वाचेल, पण पायऱ्या वाढतील. मोठ्या विमानाला एरोब्रिज असतो, नाही तिथं व्हीलचेअरसकट वर उचलणारी ॲम्ब्युलिफ्टची गाडी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवली की दारापासून खुर्चीपर्यंत नेतात. छोट्या विमानाच्या दारालाच आतून पायऱ्या बसवलेल्या असतात : चार-पाच, अरुंद, उंच, आणि वर वाकून आत शिरायचं. गुडघा नव्वद अंशांत वाकत नसेल तर ते अवघड. घरी एक चाचणी घ्या : आई एका हातानं कठडा धरून पाच पायऱ्या चढतात का, आणि वाकून मोटारीच्या मागच्या आसनावर स्वतः सरकतात का? दोन्ही जमत असेल तर किंग एअर जमेल. नसेल तर मोठ्या दाराचं जेट, नाहीतर सरळ तिकिटाचं विमान.

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर चार्टरनं काही फरक पडत नाही. केबिनमधला हवेचा दाब दोन्हीकडे साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा. घरचा ऑक्सिजन सिलिंडर आपल्या मनानं विमानात नेता येत नाही. ऑपरेटरला आधी कळवावं लागतं आणि डॉक्टरांचं पत्र लागतं.

चार्टर म्हणजे आपल्या वेळेला निघायचं, एवढाच तर फायदा. मग ऑपरेटर ‘स्लॉट (विमानतळानं नेमून दिलेली वेळ) नाही’ का म्हणतो? आणि डिसेंबरात दिल्लीला जायचंय, धुक्यात छोटं विमान बरं ना?
— एक वाचक, विलेपार्ले

दोन्ही समज उलटे करून घ्या.

मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. २०२४ च्या फेब्रुवारीत गर्दीच्या तासांतल्या छोट्या विमानांवरचे निर्बंध वाढवले गेले : सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्रीचे दोनेक तास. सुट्टीला निघायला माणसाला जी वेळ सोयीची वाटते, नेमकी तीच. म्हणजे भल्या पहाटे, नाहीतर भर दुपारी. तारीख ठरवण्याआधी स्लॉट मिळालाय का ते विचारा; ‘मिळून जाईल’ हे उत्तर धरू नका. कलिन्याच्या बाजूला जनरल एव्हिएशन, म्हणजे खासगी आणि चार्टर विमानांचं, टर्मिनल आहे. तिथं अर्धा-पाऊण तास आधी पोचलं तरी चालतं, पण ओळखपत्र आणि सुरक्षा तपासणी चुकत नाही.

पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, दाबोळी नौदलाचं. तिथं आधी त्यांचा सराव, मग आपण. छायाचित्रं काढायची नाहीत, विमानाच्या पायरीवर उभं राहून सेल्फीसुद्धा नाही. लहान विमानतळांना ‘वॉच अवर्स’ असतात, म्हणजे नियंत्रण कक्ष, अग्निशमन दल ठरलेल्या तासांपुरतंच हजर. वेळ वाढवून मिळते, पण आधी कळवून आणि पैसे भरून. जिथं रात्री उतरण्याची सोय नाही तिथं सूर्यास्त हाच शेवटचा स्लॉट.

आता धुकं. दिल्लीच्या विमानतळावर दाट धुक्यात उतरवणारी कॅट-३ यंत्रणा आहे. तिच्यावर दृश्यमानता ५० मीटरपर्यंत घसरली तरी उतरता येतं. पण त्यासाठी विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकांचं तसं प्रशिक्षण. छोटी चार्टर विमानं बहुतेक कॅट-१ वर चालतात, त्यांना धावपट्टीवर ५५० मीटर दिसावं लागतं. म्हणजे सकाळी सातला तिकिटाचं एअरबस उतरतं आणि तुमचं खासगी विमान जयपूरला वळवलं जातं. वर वळवण्याचे तासही तुमच्याच बिलात. डिसेंबर–जानेवारीत दिल्लीला चार्टरनं जायचंच तर उतरण्याची वेळ दुपारी १२ ते ४ ठेवा. आणि दिल्ली असो की जिल्ह्याचं आडबाजूचं मैदान, वैमानिक ‘आज नको’ म्हणाला की तिथंच बोलणं संपवा. जिथं उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय नाही, तिथं पाच किलोमीटर स्वच्छ दिसावं लागतं. ‘दिसेल हो, खाली गेल्यावर’ हा आग्रह मागच्या खुर्चीतून करायचा नसतो.

३२ किलोचा लॅब्राडोर आहे, माल-कक्षात टाकायची हिंमत होत नाही.
— एक वाचक, बाणेर

चार्टर घेण्याची पटण्यासारखी जी मोजकी कारणं आहेत त्यांत हे धरायला हरकत नाही. पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, लसीकरणाची वही, पट्ट्याला जोडता येईल असा हार्नेस, खाली अंथरायला शोषक पॅड. नखं आधी कापा. कातडी खुर्चीला ओरखडा पडला तर त्याचं बिल येतं, सफाईचे पैसे वेगळे. निघण्याआधी चार तास पोटभर खायला घालू नका.

छत्रपती संभाजीनगरहून लग्नाचं वऱ्हाड, ६५ माणसं, राजस्थानात. पूर्ण विमानच घ्यावं का?

सत्तरेक आसनांचं एटीआर विमान कंपन्यांकडून चार्टरनं मिळू शकतं, पण पुन्हा तेच : दोन्ही वेळच्या रिकाम्या फेऱ्याही तुमच्याच. लग्नसराईत विमानं मोकळी नसतात, निदान तीन-चार महिने आधी विचारायला हवं. गट आरक्षणाची चौकशी आधी करा. एका तिकिटावर नऊ प्रवासी होतात. त्यापुढे कंपन्या गटाचा भाव देतात, अनामत घेऊन नावं नंतर भरू देतात. वऱ्हाडात शेवटच्या आठवड्यात दहा नावं बदलतातच, तिथं ही सोय लाखमोलाची. एकाच विमानात ६५ जागा गटभावानं मिळतील असं नाही. दोन विमानांत वाटून घ्या, आणि नवरा-नवरी वेगवेगळ्या विमानांत ठेवा. गंमत नाही : एक विमान अडलं तर निदान एका बाजूचे विधी सुरू होतात.

आम्ही न्यू जर्सीत. तिथल्या चार्टरला हेच लागू?

गणित तेच, कागद वेगळे. ऑपरेटरकडे एफएएचं (तिथलं डीजीसीएसारखं खातं) ‘पार्ट १३५’ प्रमाणपत्र आहे का ते पाहा. वर नागपूरच्या पत्रातल्या उद्योजकांसारखे ‘खर्च वाटून घेऊ’ म्हणणारे तिथंही भेटतात. देशांतर्गत भाड्यावर साडेसात टक्के फेडरल एक्साइज टॅक्स लागतो. न्यू जर्सीतल्या टीटरबरो विमानतळावर एक लाख पौंडांहून जड विमानं येऊ देत नाहीत, पण घरच्या सहलीला तेवढं मोठं लागतंय कुणाला?

मुलगी म्हणते, हे पाप आहे. खरंच एवढं प्रदूषण होतं?
— एक वाचक, सांगली

पाप-पुण्याचं तिच्याशीच बोला, आकडे देतो. पहिल्या प्रश्नातलं साडेसात तासांचं उड्डाण घ्या. तासाला २८० किलो, म्हणजे २,१०० किलो इंधन. सातजणांत माणशी ३००. एक किलो इंधन जळून साधारण ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे माणशी साडेनऊशे किलो. तेच भरलेल्या १८० आसनी एअरबसनं मुंबई–उदयपूर जाऊन-येऊन माणशी १३०–१४० किलोच्या घरात. सातपट. यातला मोठा वाटा रिकाम्या फेऱ्यांचा, त्यामुळे एम्प्टी लेग घेतलीत तर तुमच्या नावावर जवळजवळ काहीच वाढत नाही, ते विमान नाहीतरी उडणारच होतं. मुलीला हे सांगून बघा. पटेलच असं नाही.

आईवडिलांना घेऊन लेहला चार्टरनं. साताऱ्याहून पुण्याला येऊ. काही खास?

बरंच. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर. चहूबाजूंनी डोंगर, दुपारनंतर वारा उठतो, म्हणून उड्डाणं सकाळची. तिथं उतरवायला वैमानिकांना खास प्रशिक्षण लागतं. ‘कॅप्टन लेह-क्वालिफाइड आहेत का’ हे विचारा आणि नाव लिहून घ्या. विरळ हवेचा त्रास विमान कुणाचं आहे हे पाहत नाही. उलट चार्टरनं घरच्या उंबऱ्यावरून थेट साडेदहा हजार फुटांवर पोचाल, मधे दिल्लीचा मुक्कामही नाही. पहिले ४८ तास खोलीत विश्रांती. जिना, सामान उचलणं, गरम पाण्यानं लांबलचक आंघोळ, सगळं टाळायचं. वडिलांना रक्तदाबाची औषधं असतील तर डॉक्टरांना निघायच्या दोन आठवडे आधी भेटा, आदल्या दिवशी नव्हे.

आणि परतीचं ध्यानात ठेवा. विरळ हवेत इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात, त्यामुळे लेहहून निघताना विमान येतानापेक्षा कमी वजन घेऊन उठतं. पश्मिना चालेल. जर्दाळूची पोती पार्सलनं पाठवा.